गोळी नंतर, आधी शी बघा

प्रश्न: मॅडम, आमचा शेरू गावठी, चार वर्षांचा. दोन महिने झाले पोट बिघडलंय. मेडिकलवरून गोळ्या आणल्या की चार दिवस बरा, पुन्हा तेच. खातो नीट, वजनही तेवढंच, पण दिवसातून सात-आठ वेळा दार ओरबाडतो, थोडंथोडंच करतो, शेवटी कधी लाल थेंब पडतो. सासूबाई म्हणतात नजर लागली. कोणती टेस्ट करावी? – एक वाचक, गंगाखेड

उत्तर: नजरेचं सासूबाईंवर सोडते, पण अर्धं निदान तुम्हीच पत्रात करून टाकलंय. सारखं जाणं, थोडंथोडं होणं, ताजं लाल रक्त, वजन टिकून, हे सगळं मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतं. लहान आतडं बिघडलं असतं तर दोन-तीनदाच पण ढीगभर झालं असतं आणि खाऊनपिऊन बरगड्या दिसल्या असत्या. आव पडते का तेवढं बघा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, लाजू नका, आम्हाला सवय आहे.

तीन आठवड्यांच्या वर गेलं म्हणजे जुनाट. पहिली टेस्ट शीचीच, आणि एकदा करून भागत नाही, कारण जिआर्डिया (डोळ्यांना न दिसणारा आतड्यातला परजीवी) काय किंवा चाबूककृमी (मोठ्या आतड्यातला जंत) काय, रोज शीत सापडतीलच असं नाही, म्हणून चार-पाच दिवसांत तीन सॅम्पल द्या. मातीतून खरवडून आणू नका, ताजं घ्या, कोरड्या डबीत, आणि आपल्याकडचा मे महिना म्हटल्यावर बर्फावर ठेवूनच न्या. रिपोर्ट कोरा आला तरी डॉक्टर बहुतेक जंताचं औषध देतीलच, ते वजनावर ठरतं, अंदाजाने देऊ नका.

मग खाण्याची परीक्षा. दोन आठवडे डॉक्टर सांगतील तेच एक जेवण, दूध-भाकर बंद (मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही), बिस्किट बंद. इथंच सगळे नापास होतात, कारण घरात कोणीतरी गुपचूप पारले टाकतंच. एवढं करूनही फरक नाही तर रक्त, सोनोग्राफी, गरज पडली तर दुर्बीण. परभणीला व्हेटरनरी कॉलेज आहे, तिथं दाखवा. आणि अँटिबायोटिकचे ते अर्धवट कोर्स आजपासून बंद, त्यांनी शी दबते, आजार तिथंच राहतो.

प्रश्न: आमचा मन्या बोका कालपासून ट्रेमध्ये बसून कुंथतोय, काहीच होत नाही. बद्धकोष्ठ आहे का? एरंडेल पाजू का? – एक वाचक, जालना

उत्तर: हा मेल वाचल्यावर अंक निघायची वाट न बघता आधी फोनच लावला. विचारलं, ट्रेमधल्या वाळूचे गोळे झालेत का? म्हणाले, नाही, कोरडी आहे. म्हणजे शी नाही, लघवी अडकली होती! बोक्याची मूत्रनळी अरुंद, ती तुंबली की दोन-तीन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी दवाखान्यात नळी घालून लघवी काढली, आता घरी आहे.

खरं बद्धकोष्ठ असलं की वाळूत लघवीचे गोळे सापडतात, शी मात्र कोरडी खडेखडे, नाहीतर नाहीच. पाणी कमी पिणं, म्हाताऱ्या मांजराची किडनी, कधी गाडीखाली येऊन वाकडं जुळलेलं कमरेचं हाड, हे एक्स-रे आणि रक्त तपासलं की कळतं. आणि माणसांचा फॉस्फेटवाला एनिमा मांजराला कधीच देऊ नका, त्याने मांजर मरतं.