हॉस्पिसमध्ये (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात) वडिलांना मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक सुरू करायचं म्हणतात. त्याने मृत्यू लवकर येईल का?

नाही, दुखण्याच्या मानाने मोजून दिलेल्या मॉर्फिनमुळे मृत्यू लवकर ओढवत नाही, तो आजारामुळेच येतो, होकार द्या. हॉस्पिसमध्ये नर्स म्हणून काम करताना ही भीती मी जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाच्या डोळ्यांत पाहिली आहे. औषध बऱ्याचदा अगदी शेवटी सुरू होतं, म्हणून दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडतात आणि दोष औषधावर येतो. प्रत्यक्षात सुरुवात लहान डोसने होते आणि दुखणं किती उरलंय ते बघत तो वाढवतात. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथे हाच आग्रह होता: दुखणं उसळायची वाट न पाहता ठरल्या वेळेला औषध द्यायचं. साधं (म्हणजे दीर्घकाळ हळूहळू काम करणारं नव्हे असं) मॉर्फिन तोंडावाटे साधारण दर चार तासांनी देतात. दुखणं उतरलं की कपाळावरच्या आठ्या सैल पडतात, आवळलेली मूठ उघडते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी राहील, ती बहुतेकदा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून पहिल्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

एक मात्र सांभाळा. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर औषधाचे अंश शरीरात साठतात. हातपाय झटके देऊ लागले, बोलणं असंबद्ध झालं किंवा हलवूनही जाग येत नसेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. डोस किंवा औषध बदलता येतं. स्वतःहून कमी-जास्त करू नका.