त्वचा आणि तुम्ही: जुन्या चिठ्ठीवरची ट्यूब

प्रश्न: डॉक्टरताई, माझ्या मिस्टरांना (वय 52, एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी) कोपर आणि गुडघ्यांवर सोरायसिस आहे. स्किनच्या डॉक्टरांनी क्लोबेटासॉलचं मलम दोन आठवडे आणि पुढे कॅल्सिपोट्रिऑल लावायला सांगितलं होतं. पहिल्यानं चट्टे झटकन गेले. तेव्हापासून चट्टे उठले की हे जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून क्लोबेटासॉलचीच ट्यूब आणतात. दुसरी महाग पडते, शिवाय ‘तिनं काही होत नाही’ म्हणतात. दिवाळीपासून जांघेतही तेच लावतायत, तिथं लालसर रेघा उमटल्यात. पुतण्या म्हणतो, हे स्टिरॉइड आहे, आजच फेका. फेकू का?
– एक भगिनी, कोरेगाव

उत्तर: ताई, जांघेत ते मलम आता नको. बाकीची ट्यूब मात्र रागारागानं फेकू नका. बरेच महिने लावलेलं जोरकस स्टिरॉइड एकदम सोडलं तर चट्टे पहिल्यापेक्षा जास्त उसळू शकतात. याच आठवड्यात यजमानांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि ट्यूब बरोबर न्या. ते हळूहळू कमी करून देतील.

क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जोरकस. कोपर-गुडघ्याच्या जाड कातडीसाठी ते उत्तम आहे, मीही देते. जांघ, काख, चेहरा इथली कातडी पातळ. घामानं आणि घडीमुळे औषध कितीतरी जास्त मुरतं. मग कातडी विरते आणि अशा रेघा उमटतात. त्या कालांतरानं फिक्या होतील, पूर्ण जाणार नाहीत. तिथं सौम्य स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं मलम) देतात. आणि जांघेत आहे ते सोरायसिसच आहे का, हेही तपासून घ्या. नायटा असेल तर स्टिरॉइडनं खाज थांबते, वरवर बरं दिसतं आणि नायटा आतल्या आत पसरत जातो. खरवडून तपासलं की पाच मिनिटांत कळतं.

आता किती लावायचं ते. हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं, आणि माझ्या मते निम्मे घोटाळे इथंच होतात. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक पट्टी काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. चारही ठिकाणचे चट्टे मिळून चार पंजांएवढे असतील तर एका वेळी दोन पट्ट्या. दिवसातून दोनदा लावलं तर 30 ग्रॅमची ट्यूब जेमतेम दोन आठवडे जाते. चट्टे तेवढेच असून ट्यूब आठवड्यात संपत असेल तर मलम जास्त थापलं जातंय. क्लोबेटासॉलची कमाल मर्यादा आठवड्याला 50 ग्रॅम आणि सलग दोन आठवडे. वरून प्लास्टिक गुंडाळायचं नाही; त्यानं औषध भलतंच मुरतं.

‘दुसरीनं काही होत नाही’ हे मी रोज ऐकते. कॅल्सिपोट्रिऑल स्टिरॉइड नाही, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे; ते सावकाश काम करतं, चार-सहा आठवडे द्यावे लागतात. पण एक विचारा: खपल्या निघाव्यात म्हणून सॅलिसिलिक ॲसिडचं मलमही चालू आहे का? एक गृहस्थ वेळ वाचवायला दोन्ही तळहातावर कालवून लावायचे. सॅलिसिलिक ॲसिडनं कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं, म्हणजे महागाची ट्यूब पाण्यात. दोन्ही हवीच असतील तर वेळा वेगळ्या ठेवा, कोणतं कधी ते डॉक्टरांना विचारून. कॅल्सिपोट्रिऑल लावल्यावर हात धुवायचे, चेहऱ्याला लागलं तर चुरचुरतं.

औषधाइतकंच रोजचं व्हॅसलीन किंवा खोबरेल महत्त्वाचं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चोळायचं. व्हॅसलीननं माखलेले कपडे पटकन पेट घेतात, तेव्हा वर्कशॉपमध्ये वेल्डिंगजवळ जपून.

मेडिकलवाल्याबद्दल काय बोलू! 2018 साली केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. गल्लोगल्ली काय चालतं ते तुम्ही पाहताच. ‘एका सुईत साफ’ म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा असर उतरला की कधी कधी अंगभर पूचे फोड आणि ताप येतो. तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा.

प्रश्न: मला तळपायांना सोरायसिस आहे, टाझारोटीनचं जेल लावते. आम्ही बाळाचा विचार करतोय. अंगावर लावायचंच औषध आहे, चालेल ना?
– वय 29, पुणे

उत्तर: चालणार नाही. टाझारोटीन ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे, गरोदरपणात ते वर्ज्य. प्रयत्न सुरू करण्याआधीच बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मॉइश्चरायझर भरपूर चालतं. स्टिरॉइडची गरज पडलीच तर डॉक्टर मोजून देतील. पुढे अंगावर पाजत असताना छातीजवळ कुठलंही मलम लावायची वेळ आली तर आधी विचारा, बाळाच्या तोंडात जायला नको.