एकच कंपनी बीपी मशीनही बनवते अन् फॅक्टरीचे सेन्सरही, हे कसं काय जमतं?

प्रश्नकर्त्या भाऊने विचारलंय की ओमरॉनसारखी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी दवाखाना, फॅक्टरी, रेल्वे स्टेशन अशा सगळ्या ठिकाणी अत्याधुनिक टेक्नॉलॉजी कशी काय आणते, अन् अशा लाइनमध्ये जायचं तर काय शिकावं. मी काही त्या कंपनीचा माणूस नाही. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत ९ वर्षं मेंटेनन्स केलं, आता बुटीबोरीत आहे, त्यांचे रिले (सिग्नल आला की दुसरं सर्किट चालू-बंद करणारे स्विच) अन् सेन्सर रोज हातात येतात, अन् 'अत्याधुनिक' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरते, म्हणून लिहून राहिलो.

आधी कंपनीचं सांगतो. १९३३ मध्ये काझुमा तातेइशी नावाच्या माणसाने ओसाकात सुरू केली, एक्स-रे मशीनचा टायमर बनवायला. म्हणजे पहिलंच गिऱ्हाईक दवाखाना! पुढे १९६० मध्ये कॉन्टॅक्ट नसलेला प्रॉक्सिमिटी स्विच काढला, म्हणजे वस्तू जवळ आली की न शिवताच ओळखणारा. कॉन्टॅक्टवाला स्विच आपटून आपटून झिजते, ह्याला झिजायला काही नाहीच. १९६७ मध्ये ओसाकाजवळच्या किता-सेनरी स्टेशनवर तिकीट तपासणारे ऑटोमॅटिक गेट लावले, १९७३ मध्ये बीपी मशीन आणलं. नावही क्योटोतल्या ओमुरो नावाच्या भागावरून घेतलंय. लोकांना वाटते हे चार वेगवेगळे धंदे आहेत. माझ्या मते धंदा एकच आहे: गडबड-गोंधळातून कामाचा सिग्नल वेगळा काढायचा अन् त्यावर हो किंवा नाही म्हणायचं.

बीपी मशीनच घ्या. पट्टा फुगतो, मग हवा हळूहळू सुटते, तेव्हा नाडीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या प्रेशरला बारीक बारीक हेलकावे बसतात, मशीन तेच मोजते अन् त्यावरून वरचा-खालचा आकडा काढते. माझी आई पट्टा फुगत असतानाच शेजारच्या काकूंशी भाजीच्या भावावर बोलत होती, आला १६२. म्हटलं आई, पाच मिनिटं चूप बस. मग आला १३८. मशीन तेच, हात तोच. गोंधळ आपण घातला तर ते तरी किती गाळणार?

आता खरी गोष्ट. आमच्याकडे मसाल्याचे पाऊच पॅक होतात. रोलवर छापलेला आय मार्क, म्हणजे कुठे कापायचं ती खूण, दिसला की कटर मारायचा, हे काम एक छोटा मार्क सेन्सर वर्षानुवर्षं मुकाट्याने करत होता. त्यात नवीन मॅनेजर आले. आल्या आल्या माझ्या पॅनलकडे बघून म्हणाले, "हे खटक-खटक रिले आता म्युझियममध्ये ठेवा." अन् पॅकिंग लाइनच्या पुढच्या टप्प्याला कॅमेरा बसवला, बॅच नंबर अन् एक्सपायरी नीट छापली का बघायला, खराब दिसला की हवेच्या फटक्याने पाऊच बाहेर. किंमत सांगत नाही, माझ्या दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. उद्घाटनाला नारळ फोडला, आलूबोंडे आले.

एप्रिल लागला अन् रोज दुपारी तीनच्या सुमारास कॅमेरा चांगले-चांगले पाऊच उडवायला लागला. पावणेचारला आपोआप बंद. विकणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला, सकाळच्या शिफ्टमध्ये लॅपटॉप लावून सेटिंग बदललं, सगळं ओके दाखवलं अन् जेवणाआधी गेला. तीन वाजता पुन्हा तेच. मॅनेजर म्हणाले, तुमच्या जुन्या पॅनलमधून नॉइज (सिग्नलमध्ये घुसणारी विजेची गडबड) येऊन राहिला असेल, ते बदला.

मला एवढा राग आला ना! पॅनलचा नॉइज काय घड्याळ बघून येते? मी लॉट कार्डच्या मागे रोजचे टाइम लिहायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, त्या दिवशी एकही पाऊच उडाला नाही. तेव्हा मान वर करून बघितलं. शेडच्या छपराला मधे मधे उजेडासाठी फायबरचे पत्रे आहेत, त्यातल्या एका पत्र्यातून तीन वाजता उन्हाचा पट्टा बरोबर कॅमेऱ्याखाली पडत होता, पाऊच चमकायचा अन् त्या चमकेत आकडे गायब. मग काय, चिकटपट्टीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, कॅमेऱ्याच्या भोवती तीन बाजूंनी लावला. रिजेक्शन बंद. एकूण खर्च शून्य.

आता ऐका, त्याच उन्हात बाजूच्या कन्व्हेअरवर पाऊच मोजणारा फोटो सेन्सर का नाही गडबडला? कारण असल्या सेन्सरचा एलईडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते अन् रिसिव्हर फक्त आपल्याच लुकलुकण्याला ओळखते. ऊन तर एकसारखं पडते, म्हणून ते गाळून टाकते. (थेट डोळ्यात ऊन घातलं तर तोही आंधळा होते म्हणा.) कॅमेरा मात्र समोर येईल तो उजेड घेते. ही अक्कल जुन्या, स्वस्त डबीत आहे, म्हणून मला सांगा अत्याधुनिक कोण?

शिकायचं काय हा प्रश्न राहिलाच. ब्रोशर वाचू नका. आयटीआय असो की डिप्लोमा, आधी मीटर धरायला शिका, सेन्सरच्या वायरी ओळखा, ब्राउन प्लस, ब्ल्यू मायनस, ब्लॅक आउटपुट, अन् पीएनपी-एनपीएनमधला फरक (सेन्सर आउटपुटला प्लस देते की मायनस) झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. आमच्याकडे इंटरव्ह्यूला मी एवढंच विचारतो, बी.ई. झालेले अर्धे पोट्टे इथेच गळतात. मग पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं, लॅडर प्रोग्रामिंग. एआय वगैरे नंतर. अन् मशीन बिघडलं तर लॅपटॉप उघडण्याआधी आजूबाजूला बघा, छपराकडेही बघा. एसीच्या केबिनमध्ये बसून नॉइजचं निदान करणाऱ्या लोकांसाठी हे खास लिहून राहिलो.

तसा कॅमेरा वाईट नाही, हेही सांगून टाकतो. छापलेली तारीख वाचणं फोटो सेन्सरच्या बापालाही जमणार नाही, अन् हूड अन् स्वतःची लाइट आधीच लावली असती तर हा तमाशाच झाला नसता. बीपीचंही तेच, माझ्या आईच्या आकड्यावरून कोणी गोळी बंद करू नका, डॉक्टरला विचारा.

पुठ्ठ्याच्या जागी नंतर काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा आला. ऑडिटच्या प्रेझेंटेशनमध्ये मॅनेजर साहेबांनी त्याचा फोटो लावला होता, खाली लिहिलं होतं 'इन-हाऊस ऑप्टिकल सोल्यूशन'. माझे रिले अजून खटक-खटक करून राहिले, साहेबांची मात्र मागच्या दिवाळीत बदली झाली.