नवा धंदा, पहिला सीए

समोरची व्यक्ती सीए आहे की कर सल्लागार, हे आधी विचारा. जीएसटीची रिटर्न्स दोघंही भरतात, पण टॅक्स ऑडिटवर (आयकरासाठी होणारी हिशेबांची तपासणी) सही सीएचीच लागते. सदस्यता क्रमांक घेऊन आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा. आणखी एक प्रश्न: रोजचं काम ऑफिसात नक्की कोण बघणार? आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी मुलं बदलत राहतात, तेव्हा दुसरा माणूसही माहीत असू द्या.

फीमध्ये काय येतं ते ईमेलवर लिहून घ्या. नोटिशीला उत्तर देण्याचे पैसे बहुधा वेगळे असतात आणि वाद तिथेच होतो.

जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा, याबाबत अजिबात तडजोड नको. ओटीपी पटकन मिळावा म्हणून काही ऑफिसं स्वतःचा नंबर टाकतात. मग नोटीस तिकडेच जाते, मुदत संपते आणि तुम्हाला पत्ताही नसतो. सीए बदलतानाही अडकायला होतं.

दरमहा रिटर्न असेल तर जीएसटीआर-१ ची (विक्रीचा तपशील) तारीख ११, जीएसटीआर-३बी ची (गोषवारा आणि कर भरणं) २०. म्हणून विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत पोचवा. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या तुमच्या खरेदीच्या बिलांचा तक्ता. खरेदीची कोणती बिलं त्यात नाहीत, ती यादी मागून घ्या. पुरवठादाराने बिल चढवलं नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. त्याला फोन तुम्हीच करा. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं तो लवकर ऐकतो.