प्रयोगाच्या प्रोसेसरवर लिनक्स कर्नल पोर्ट करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की परभणीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, तुमच्या ग्रुपने एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) बोर्डवर रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन-संचाचा 64 बिटी कोअर (प्रोसेसरचा गाभा) बसवलाय आणि आता त्यावर लिनक्स चढवायचंय. पुण्याला न जाता हे होईल का, असंही विचारलंय. होतं. मी लातूरला घरी बसून केलंय. पाच महिने लागले, आणि त्यातले तीन मी भलतीकडेच शोधत होतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्याने लिहायला बसायचं नाहीये; आहे तोच आपल्या प्रोसेसरवर चालता करायचा, यालाच पोर्ट करणं म्हणतात. रिस्क-फाइव्ह मूळ लिनक्समध्ये 4.15 या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी 2018 पासून आहे. तुमचा कोअर स्पेकप्रमाणे वागत असेल, तर सी भाषेत फार तर तुमच्या यूआर्टचा (अक्षरं बाहेर पाठवणाऱ्या सिरियल पोर्टचा) एखादा छोटा ड्रायव्हर लिहावा लागेल. खरं काम डिव्हाइस ट्रीचं, म्हणजे बोर्डवर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलचं. रॅम कुठून कुठवर, इंटरप्ट कुठून येतो, टायमर किती वेगाने धावतो, हे सगळं त्यात लिहायचं. सातबाराच समजा तो. कर्नल काही शेत बघायला येत नाही, उताऱ्यावर जे असेल ते खरं धरून चालतो. मी टायमरचा आकडा क्यूईएमयूच्या (संगणकावरच नकली मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) डिव्हाइस ट्रीतून जसाच्या तसा उचलला होता, 1 कोटी हर्ट्झ. माझा टायमर धावत होता 10 लाखांवर. शेल (कमांड टाइप करायची जागा) आला, आनंदात ‘स्लीप 1’, म्हणजे एक सेकंद थांब, असं दिलं, तर प्रॉम्प्ट परत यायला भिंतीवरच्या घड्याळात बरोबर दहा सेकंद!

पण हे झालं शेवटचं. त्याआधी बोर्ड मुका असतो, आणि तिथेच माणूस कंटाळून सोडून देतो.

नेहमीच्या मशीनवर काही बिघडलं की चूक आपल्या कोडची, हे गृहीतच असतं. इथे प्रोसेसरसुद्धा चुकीचा असू शकतो, आणि तो बनवलाय तुमच्याच मित्रांनी, त्यामुळे भांडणं ठरलेली. बोअरची मोटर पाणी उचलेना म्हटल्यावर जाणता वायरमन लगेच मोटर वर काढत नाही. टेस्ट लॅम्प घेऊन मीटरपासून स्टार्टर, स्टार्टरपासून केबल असा पुढे सरकतो. तुमचा टेस्ट लॅम्प म्हणजे यूआर्टवर उमटणारं एक अक्षर. आधी ओपनएसबीआयचा, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या फर्मवेअरचा, बॅनर दिसू द्या. मग कर्नल जिथून सुरू होतो त्या हेड.एस फाइलमध्ये टप्प्याटप्प्यावर एकेक अक्षर छापायची सोय करा. कर्नलची इमेज रॅममध्ये 2 एमबीच्या सीमेवरच ठेवलीय ना, ए0 रजिस्टरमध्ये हार्टचा (चालणाऱ्या कोअरचा) नंबर आणि ए1 मध्ये डिव्हाइस ट्रीचा पत्ता येतोय ना, हेही तिथेच कळतं.

माझं घोडं अडलं ते पेजिंग सुरू करण्याच्या जागी. पेजिंग म्हणजे रॅमचे खरे, भौतिक पत्ते थेट न वापरता पेज टेबलातून बदलून येणारे व्हर्च्युअल पत्ते वापरणं. तिथे कर्नल मुद्दाम ठेच खातो. एसटीव्हेक रजिस्टरमध्ये (काही चुकलं की उडी कुठे मारायची ते यात असतं) पुढच्या ओळीचा व्हर्च्युअल पत्ता आधी टाकून ठेवतो आणि मग एसएटीपी (पेज टेबल कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) लिहून पेजिंग चालू करतो. त्या क्षणी प्रोसेसर ज्या भौतिक पत्त्यावर उभा असतो तो नव्या पेज टेबलात नसतोच, म्हणून पेज फॉल्ट होतो आणि उडी एसटीव्हेकवर, म्हणजे हव्या त्याच जागी पडते. पडायचं तिथे आधीच गादी टाकलेली. माझ्या कोअरमध्ये एसएटीपी लिहिल्यावर पाइपलाइन (आत घेतलेल्या इन्स्ट्रक्शनची रांग) रिकामी केली जात नव्हती. पुढच्या दोन-तीन इन्स्ट्रक्शन आधीच आत येऊन बसलेल्या, त्या जुन्याच पत्त्यांवर चालून गेल्या. आणि त्यातलीच एक एसटीव्हेक बदलणारी! गादी उचलली गेली, मग ठेच लागली. स्क्रीनवर ओपनएसबीआयच्या बॅनरनंतर शुकशुकाट.

तीन महिने मी डिव्हाइस ट्री खरवडत बसलो ते यापायी. सापडलं ते असं: तीच इमेज स्पाइक या रिस्क-फाइव्हच्या सिम्युलेटरवर चालवली, आपला कोअर व्हेरिलेटरमध्ये (आपलं सर्किट संगणकावर चालवून बघणारा प्रोग्राम) चालवला, दोन्हीकडून चाललेल्या इन्स्ट्रक्शनचे पत्ते ओळीने फाइलमध्ये काढले आणि डिफ मारला. पहिला फरक पडतो तिथे बहुतेक वेळा हार्डवेअरची चूक, इतकं साधं. फरकच पडत नसेल तर मुकाट्याने आपलं कोड बघायचं. हे पहिल्या आठवड्यातच करा, मित्रांशी भांडणंही वाचतील.

शंका टूलचेनचीच (कंपायलर वगैरे साधनांची) असेल तर आयआयटी मद्रासचा शक्ती सी-क्लास कोअर आर्टी ए7-100टी या एफपीजीए बोर्डवर टाकून बघा, त्यावर लिनक्स चालतं. मात्र कोणी सीडॅकचा तेजस32 सुचवला तर लिनक्ससाठी तो घेऊ नका. चिप चांगली आहे, पण मायक्रोकंट्रोलरच्या कामाची. रॅम 256 केबी, त्यात कर्नल मावणार कुठे?

आपल्याकडची एक खास अडचण. एफपीजीएमधली रचना वीज गेली की पुसली जाते. माझा बोर्ड अडॅप्टरवर होता, त्यामुळे लाइट गेली की पुन्हा कोरी पाटी. बिटस्ट्रीम, म्हणजे त्या रचनेची फाइल, बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये टाकून ठेवा, उन्हाळ्यात तरी नक्की.

एसडी कार्डच्या नादी आत्ताच लागू नका. बिझीबॉक्स (मूलभूत कमांडचा छोटा संच) इनिटरॅमएफएसमध्ये (रॅममध्येच राहणारी सुरुवातीची फाइल सिस्टिम) घालून कर्नलसोबतच बांधा. आणि बिझीबॉक्स बांधताना तुमच्या कोअरमध्ये फ्लोटिंग पॉइंट (दशांश आकडेमोडीचं हार्डवेअर) आहे की नाही ते आधी विचारून घ्या. बाजारातल्या बहुतेक तयार टूलचेन आहे असं धरूनच चालतात. नसेल, तर सगळं बूट होऊन अगदी शेवटी इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम) मरतो, कर्नल पॅनिक होतो, आणि आपल्याला वाटतं कर्नलच गंडलाय.