भुलाबाईचं लुगडं अंगावर बसत नाही!

प्रश्न: नमस्कार दादा, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. भुलाबाईची बाहुली काढली अन तिले लुगडं, एकदाणी, नथ घालून सजवायचा गेम बनवला, क्लासमधी फ्लॅश (चित्रं हलवायचं, गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकली होती त्याच्यातच. पण लुगडं पकडलं की उडी मारते, अंगावर धड बसत नाही, मोबाईलवर तर गेम उघडतच नाही. काऊन होते असं? कोजागिरीच्या आत पोरींना द्यायचा हाये.

उत्तर: ताई, भुलाबाईचा गेम म्हणजे मस्तच, हा पूर्ण झालाच पाहिजे. आधी मोबाईलचं बघू. फ्लॅशचे गेम ज्याच्यात चालायचे तो फ्लॅश प्लेयर मोबाईलवर तर आधीच बंद झाला होता, कॉम्प्युटरवरही ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, १२ जानेवारी २०२१ पासून तर त्यात काही चालेनासंच झालं, म्हणून गेम उघडत नाही, तुमचं काही चुकलं नाही. फ्लॅश सॉफ्टवेअरचंच नाव २०१६ मध्ये अ‍ॅनिमेट झालं, त्यात फाईल उघडून एचटीएमएल५ कॅनव्हास (मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालणारा प्रकार) करून घ्या. चित्रं येतील पण जुना कोड चालणार नाही, ओढण्यासाठीच्या जुन्या स्टार्टड्रॅगऐवजी जावास्क्रिप्टमध्ये प्रेसमूव्ह लिहायचं, आणि पहिल्या फ्रेमवर टच इनेबलची ओळ, createjs.Touch.enable(stage); टाकायची, नाहीतर बोटानं लुगडं हलणारच नाही.

आता उडी. तुम्ही काठ धरता पण कोड लुगड्याचा रजिस्ट्रेशन पॉइंट, म्हणजे ज्या ठिपक्यावरून त्याची जागा मोजतात तो, ओढून बोटाखाली आणतो. दाबल्याबरोबर बोट आणि त्या पॉइंटमधलं अंतर व्हेरिएबलमध्ये ठेवा, ओढताना बोटाच्या जागेतून तेवढं वजा करा, झालं.

बसत नाही याचं कारण बहुतेक लुगडं वेगळं काढलंय. तसं नका करू, बाहुलीच्या अंगावरच, वरच्या लेयरवर (थरावर) काढा, एफ८ दाबून, रजिस्ट्रेशनचा मधला ठिपका निवडून मूव्ही क्लिप (कोडनं हलवता येणारा तुकडा) करा, तिथले एक्स वाय, म्हणजे आडव्या-उभ्या जागेचे आकडे, वहीत लिहा आणि मगच बाजूला सरकवा. सोडताना त्या जागेपासून ४० पिक्सेलच्या आत असलं की तेच एक्स वाय द्यायचे, दूर असलं तर जिथून उचललं तिथं परत.

खरी मजा पदराची आहे. डोक्यावरून पदर घेतला की त्याचा मागचा भाग केसांच्या मागं आणि पुढचा खांद्यावर दिसायला पाहिजे, एका क्लिपमध्ये हे होतच नाही. दोन तुकडे करा, मागचा सगळ्यात खालच्या लेयरवर लपवून ठेवा आणि लुगडं बसलं की व्हिजिबल करा. एकदाणी, नथ सगळ्यात वर, नाहीतर लुगड्याखाली दबतात अन मग पोरी रुसतात.

आणि पब्लिश सेटिंगमध्ये होस्टेड लायब्ररीजची (गेमला लागणाऱ्या फाईली नेटवरून आणायची) खूण काढून टाकाच, नाहीतर नेट गेलं की गेम कोरा दिसतो. एकटी एचटीएमएल फाईल पाठवू नका, जेएसची फाईल आणि लिब्जचा फोल्डर बाजूलाच असायला पाहिजे, मोबाईलवर जमलं नाही तर शाळेतल्या कॉम्प्युटरवर पेनड्राईव्हनं अख्खा फोल्डर टाका.