पासिंग 2029 पर्यंतचं, पण फूटबोर्ड सडलेला: पद्मिनीचे पैसे परत मिळतील का?

कसबा बावड्याच्या एका दादांचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. जानेवारीत त्यांनी शिरोलीकडच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडनं 1984 ची प्रीमियर पद्मिनी 2 लाख 40 हजाराला घेतली. गाडी मूळची कोकणातली, आरसी बुक अजून तिथल्या मालकाच्याच नावावर. व्यापाऱ्यानं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं, "पत्रा ओरिजिनल, कुठंच वेल्डिंग नाही, पासिंग ताजं, 2029 पर्यंत टेन्शन नाही." मार्चमध्ये उद्यमनगरात गॅरेजला जॅक लावला आणि जॅक सरळ पत्र्यातनं आत गेला. खाली बघितलं तर फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायचा तळाचा पत्रा, सडलेले, वरनं पुट्टी भरून काळा अंडरकोट मारलेला, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथं बॉडीला बसतात ती माउंटिंग पण गंजून गेलेली. व्यापारी म्हणतो आरटीओनं पास केलीय, माझा काय संबंध, आणि पावतीवर "जशी आहे तशी" लिहिलंय. दादा विचारतात, आरटीओवर केस टाकू का, पैसे परत मिळतील का, आणि तोवर गाडी चालवली तर चालंल का.

दादा, पहिलं शेवटच्या प्रश्नाचं. चालवू नका. तुम्ही लिहिलंय की हे कळल्यावर पण एकदा पन्हाळ्याला जाऊन आलात, ते वाचून खरंच काळजी वाटली. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडीच सगळं वजन पेलते, त्यामुळं फूटबोर्ड सडला म्हणजे नुसतं दिसायला वाईट असं नाही, गाडीचा सांगाडाच गेलाय, आणि घाटाच्या उतारावर चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी मागच्या माउंटिंगवरनं हलली तर घरच्यांचं काय. कायद्याचंही ऐका. गाडीत धोकादायक दोष आहे हे माहीत असून ती रस्त्यावर काढली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 190 लागतं, दंड 1500 रुपयांपर्यंत, आणि त्यातनं अपघात होऊन कुणाला लागलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. विमा कंपनी पण विचारणार की गाडी नीट ठेवायची अट पॉलिसीत असताना काय केलंत. आणि वर आरसीवर नाव कोकणातल्या त्या माणसाचं! सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये नवीन कुमारच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, म्हणजे तुमच्या हातनं काही झालं तर तो बिचारा अडकणार.

आता आरटीओ. राग समजतो, पण तिकडं ताकद घालवू नका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, मग दर 5 वर्षांनी रिन्यू, म्हणजे तुमची 1999 ला, मग 2004, 2009 असं करत 2024 ला झाली. इन्स्पेक्टर चासी नंबर, इंजिन नंबर, लाइट, ब्रेक, टायर बघतो, पीयूसी बघतो, पण अंडरकोट खरवडून स्क्रूड्रायव्हर घालून कोण बघत नाही, आणि पासिंग हे त्या एका दिवसापुरतं असतं, त्यानंतर दोन पावसाळे गेलेत. शिवाय हे सरकारचं वैधानिक काम आहे, तुम्ही फी भरून विकत घेतलेली सेवा नव्हे, त्यामुळं ग्राहक आयोगात आरटीओविरुद्ध टिकणं फार अवघड. आरटीओकडनं एकच गोष्ट घ्या, 10 रुपये भरून माहिती अधिकारात त्या 2024 च्या तपासणीचे कागद मागा आणि गाडी हजर कोणी केली होती ते बघा. व्यापाऱ्यानंच केली असेल तर लई उपयोगी पडंल.

पण हीच गोष्ट व्यापाऱ्याला पण लागू होते बघा. पासिंग म्हणजे पत्रा चांगला असल्याची हमी नाही, तर मग त्याआड त्याला पण लपता येत नाही. तुमची केस उभी राहते ती त्याच्या त्या मेसेजवर. करार कायद्याचं कलम 19 काय म्हणतं, की विकणारा नुसता गप्प बसला असेल आणि तुम्हाला साधी चौकशी करून दोष कळला असता, तर करार रद्द करता येत नाही. त्यामुळं त्यानं काहीच लिहिलं नसतं तर मी तुम्हाला फार आशा दाखवली नसती, 40 वर्षं जुनी गाडी रॅम्पवर न चढवता घेतली म्हणून कोर्टानं तुम्हालाच सुनावलं असतं. पण सडल्याचं माहीत असून "पत्रा ओरिजिनल" असं धडधडीत खोटं लिहिणं कलम 17 खाली फसवणूक होते, तिथं हा बचाव चालत नाही, आणि "जशी आहे तशी" ही ओळ पण फसवणुकीवर पांघरूण घालू शकत नाही.

म्हणून सगळा जोर एकाच गोष्टीवर लावा, त्याला माहीत होतं हे दाखवायचं. त्यासाठी कोकणातल्या मूळ मालकाला फोन करा. त्यानं गाडी काय भावात दिली, पत्रा सडलाय असं सांगितलं होतं का, पुट्टी आणि अंडरकोट कधी झाला, हे तो शांतपणे सांगंल, कारण वर म्हटलं तसं नाव त्याचं अडकलंय, त्याला पण यातनं सुटायचंय. त्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर निम्मी लढाई जिंकलात.

दुसरं म्हणजे दुरुस्ती करू नका, गॅरेजवाला कितीही म्हणू दे की आठवड्यात पत्रा मारून देतो. वेल्डिंग झालं की पुरावा गेला. गाडी रॅम्पवर घेऊन फोटो, व्हिडिओ काढा, चासी नंबर आणि सडका भाग एकाच व्हिडिओत सलग दिसू दे. मेकॅनिकचा शब्द चांगलाय पण तुमचाच माणूस म्हणतील, म्हणून लायसन्सवाल्या वाहन सर्व्हेयरकडनं लेखी रिपोर्ट घ्या. आणि व्यापाऱ्याचा मेसेज ज्या फोनवर आहे तो जपून ठेवा, बदलू नका, चॅट दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, डिजिटल पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागतं.

मग याच आठवड्यात वकिलाची नोटीस स्पीड पोस्टानं, गाडी नाकारतोय, पैसे द्या आणि गाडी घेऊन जा, 15 दिवसांत. उशीर केला आणि गाडी वापरत राहिलात तर तुम्ही ती स्वीकारली असं धरलं जातं, मग फक्त नुकसानभरपाई मागता येते. त्यानं ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्या कोल्हापुरातच, मुदत 2 वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरनं घरबसल्या पण दाखल होते. हा धंद्यातला माणूस आहे म्हणून हे जमतंय, शेजाऱ्याकडनं घेतली असती तर दिवाणी दावा लागला असता. जाता जाता एक विचारा, 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं ऑथोरायझेशन लागतं, ते त्याच्याकडं आहे का? नसंल तर नोटिशीत घाला, बहुतेक तिथंच आवाज खाली येतो. पोलीस तक्रार मागं ठेवा, ठाण्यात बऱ्याचदा "हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतात.

तडजोडीला आला तर "दुरुस्त करून देतो" याला हो म्हणू नका, परत पुट्टीच भरणार तो. पैसे बँकेतनं खात्यावर आल्यावरच चावी द्या, सही करा.

आणि विंटेज नंबर घेऊन ठेवावी का असं तुम्ही शेवटी विचारलंय, तर त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं व्हायला लागतात, म्हणजे 2034, आणि तो नंबर मिळाला तरी गाडी रोज बाहेर काढता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यालाच.